राणीची जोडी हातात असताना

पोकर खेळतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "समोरच्याच्या हातात काय आहे ते कसं ओळखता? चेहरा वाचता का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगतो. चेहऱ्यावर माझा अजिबात भरवसा नाही. मी मोजतो.

आम्ही टेक्सास होल्डेम खेळतो, चिंचोके लावून. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, मग मधे सगळ्यांसाठी पत्ते उघडतात. ५२ पानांतून दोन पानं १,३२६ तऱ्हांनी येऊ शकतात: ५२ गुणिले ५१, आणि आधी कुठलं आलं याने फरक पडत नाही म्हणून त्याचे निम्मे. एक्क्यांची जोडी त्यात फक्त ६ तऱ्हांनी जमते, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. एक्का-राजा मात्र १६ तऱ्हांनी येतो, कारण चारातल्या प्रत्येक एक्क्याला चार राजे भेटतात. त्यातले ४ एकाच रंगाचे (म्हणजे दोन्ही बदाम, दोन्ही किलवर असे; लाल-काळं नव्हे), १२ वेगवेगळ्या.

सगळी मेख इथे आहे. शिकवण्यासाठी १६९ घरांचा तक्ता वापरतात, तेरा आडवी आणि तेरा उभी; प्रत्येक घरात हाताचा, म्हणजे दोन पालथ्या पत्त्यांचा, एकेक प्रकार. त्यात सगळी घरं सारखीच दिसतात, पण जोडीच्या घरात ६ हात असतात, एका रंगाच्या घरात ४ आणि वेगळ्या रंगाच्या घरात १२. घरं मोजणारा फसतो.

समजा, माझ्याकडे राणीची जोडी आहे. मी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, आणि एरवी जपून खेळणाऱ्या गड्याने त्यावर पुन्हा मोठं रेझ केलं. असं खेळताना त्याच्याकडे जे जे हात असू शकतात, ती त्याची रेंज. माझ्या अंदाजाने एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा. तीनपैकी दोन प्रकारचे हात मला भारी, असं वाटून पानं टाकावीशी वाटतात. पण मोजा: ६ अधिक ६ अधिक १६, एकूण २८. त्यातल्या १६ हातांपुढे मी थोडा वरचढ आहे. एक्का-राजाविरुद्ध राण्या शंभरात साधारण ५५ वेळा जिंकतात. भारी जोड्यांविरुद्ध जेमतेम १८-१९ वेळा, हेही खरं. तरी मी डावात राहतो.

आता मधले पहिले तीन पत्ते उघडले: राजा, सत्ती, दुर्री. एक राजा टेबलावर आला म्हणजे उरले तीन. राजांची जोडी आता ३ तऱ्हांनीच होते, एक्का-राजा १२, एक्के तसेच ६. बेरीज २१, आणि एक्का-राजाचीही आता टेबलावरच्या राजाशी जोडी जमते, म्हणून या एकवीसही हातांपुढे मी मागे आहे. मघाशी ज्या सोळांच्या जोरावर थांबलो होतो, त्यातलेच बारा आता माझ्यावर उलटलेत. गड्याने पुन्हा चिंचोके पुढे सरकवले की मी राण्या पालथ्या ठेवतो. वाईट वाटतं, पण ठेवतो.

राजाऐवजी नव्वी आली असती तर पुन्हा तेच २८ आणि तेच १६, मी राहिलो असतो.

हे पाठ करू नका. घरी कॅट काढा, चार एक्के आणि चार राजे जमिनीवर मांडा आणि प्रत्येक एक्क्याशेजारी एकेक राजा ठेवत जोड्या लावा. सोळा झाल्या की किलवरचा राजा उचलून बाजूला ठेवा, आणि परत लावा.