मशीन मोकळी, सेटर अडकलेला : आमची वाटचाल

वाळूजला आमचं काम सुरू झालं ते भाड्याच्या शेडमध्ये, एका जुन्या लेथवर. 1985 साली बजाजचा कारखाना इथे आला आणि त्याच्या आगेमागे सुटे भाग करणारी छोटी युनिटं उभी राहत गेली. आम्ही त्या रांगेत बरेच उशिरा आलो. थेट मोठ्या कंपनीला आमचा माल जात नाही. तिला माल देणाऱ्यांचं जॉबवर्क आम्ही करतो: बुश, पिन, हब, फ्लँज. रेट समोरचा ठरवतो, कच्चा माल त्याचा, तो कधी येणार तेही त्याच्याच हातात. आमच्या हाती उरतं ते एवढंच, की आलेलं काम कोणत्या मशीनवर आणि कोणाच्या मागे लावायचं. आमचा धंदा वाढला तो यावर, म्हणून तेच जरा सविस्तर सांगतो.

एकच लेथ होती तोवर हिशोब सोपा होता. समजा, तीन पार्ट्यांची कामं पडली आहेत, एक तासाचं, तीन तासांचं आणि आठ तासांचं. कसंही लावा, लेथ बाराव्या तासालाच मोकळी होणार. पण लहान काम आधी घेतलं तर काम हाती येईपर्यंत तिघांचं थांबणं मिळून 17 तास होतं, मोठं आधी घेतलं तर 31. लहान आधी, हा नियम आम्ही बराच काळ पाळला. अडचण एकच, मोठ्या कामाची पार्टी कायम मागे पडते. म्हणून डिस्पॅचची तारीख जवळ आली की ते काम वर घ्यायचं, हे त्याला जोडलं.

पुढे कर्ज काढून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ घेतली, मग ड्रिलिंग-टॅपिंगसाठी, म्हणजे भोकं पाडून आटे काढायला, व्हीएमसी मशीन. आता प्रत्येक जॉब आधी सीएनसीवर टर्निंगला आणि मग व्हीएमसीला जाऊ लागला. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याच्या वहीत मला जॉन्सनचा नियम सापडला, 1954 सालचा. जॉबचे दोन्ही मशीनवरचे वेळ मांडायचे. त्यातला सगळ्यांत छोटा आकडा पहिल्या मशीनचा असेल तर तो जॉब सुरुवातीला लावायचा, दुसऱ्या मशीनचा असेल तर शेवटी. तो जॉब खोडायचा, उरलेल्यांत पुन्हा तेच. आमच्याकडच्या आकड्यांवर करून पाहिलं: फ्लँज टर्निंगला 3 तास, व्हीएमसीला 6, हब 4 आणि 5, बुश 5 आणि 3, पिन 7 आणि 2. मोठं टर्निंग आधी उरकू म्हणून पिन, बुश, हब, फ्लँज असं लावलं तर शेवटचा जॉब 27 व्या तासाला उतरतो. नियमाने फ्लँज, हब, बुश, पिन लावलं तर 21 व्या. त्याच मशिनी, तीच माणसं, एक रुपया जास्त न घालता सहा तास वाचले. त्या रात्री मी तो कागद हिला दाखवला. बँकेचे हप्ते तीच बघायची, तिला त्या सहा तासांची किंमत माझ्या आधी कळली.

तीन मशिनींवरून जाणारं काम आलं की मात्र असा सोपा नियम चालत नाही. नुसते दहा जॉब घेतले तरी त्यांचे 36,28,800 क्रम होतात. शिवाय वहीतल्या गणितात सेटर, म्हणजे जॉब बदलला की मशीन नव्या कामाला तयार करून देणारा माणूस, नसतो.

सीएनसी तीन झाल्या तेव्हा सेटर एकच होता. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममधून शिकून आलेला, हाताचा अतिशय नेमका माणूस. जॉब बदलला की सॉफ्ट जॉ (पीस धरणारे जबडे) बदलून बोअर करायचे, टूल लावायचे, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घ्यायचे, पहिला पीस काढून गेजवर पास करायचा. दीड ते तीन तास जातात. दोन मशिनींचे लॉट एकाच वेळी संपले की एक उभी राहणार. एकदा पार्टीच्या तगाद्यामुळे आम्ही चौथी सीएनसी घ्यायचं बोलत होतो, तर तोच म्हणाला, "साहेब, मशिनी कामासाठी नाही थांबायल्या, माझ्यासाठी थांबायल्यात."

त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर सगळ्यांत वरची ओळ सेटरची असते, मशिनी त्याखाली. आधी त्याचा दिवस लावायचा. दोन सेटिंग एकावर एक येऊ द्यायची नाहीत. एका मशीनवर लांब लॉट चढवायचा, म्हणजे तो दुसरीकडे मोकळा. एकाच व्यासाच्या बारचे, त्याच जॉवर बसणारे जॉब पाठोपाठ घ्यायचे, म्हणजे अर्धी सेटिंग वाचते. चौथी मशीन आली असती तर रांग आणखी वाढली असती. मशीन वाढवून किंवा कामाचे वेळ कमी करूनही सगळं काम उलट उशिरा संपू शकतं, हे अमेरिकन गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1966 सालीच गणिताने दाखवलंय.

आणखी एक गोष्ट आम्ही सांभाळतो, सेटरचा दिवस पूर्ण भरत नाही. काम वेळी-अवेळी येतं आणि प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, तिथे माणूस 80 टक्के गुंतला की रांगेतलं थांबणं सरासरी कामाच्या चौपट होतं आणि 90 टक्क्यांना नऊपट. रांगेच्या शास्त्रातलं हे अगदी पहिलं सूत्र आहे, आणि शेडमध्ये ते डोळ्यांनी दिसतं.

वेळ बदलतो तो आमच्या हवेनेसुद्धा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही. 100 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा पीस 10 अंशांनी तापला तर साधारण 11-12 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुगतो. ड्रॉइंगवर 25 मायक्रॉनची सूट असेल तर जवळजवळ निम्मी तिथेच गेली. पीस गार होऊ देऊन मापावा लागतो, ऑफसेट पुन्हा पुन्हा बघावा लागतो. कास्टिंगचा लॉट कडक निघाला की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, लवकर जातो. म्हणून आमच्या वहीत सायकल टाइमचा, म्हणजे एका पीसला लागणाऱ्या वेळेचा, एक आकडा नाही, तीन आहेत: कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त. पार्टीला तारीख देताना मी तिसऱ्याकडे बघतो. त्यावरून घासाघीस होते, एक-दोन ऑर्डरी हातच्या गेल्याही, तरी मी ते बदललं नाही. दिलेली तारीख पाळणारा जॉबवर्कवाला, एवढीच आमची ओळख आहे आणि ती मला फार मोलाची वाटते.

माणसांचंही तसंच. आमची निम्मी पोरं गंगापूर आणि पैठण तालुक्यातली, घरी शेती असलेली. मृगाचा पाऊस पडला की पेरणीला जाणार, नाथषष्ठीला पैठणला जाणार. जावंच. त्या सुट्ट्या आम्ही आधीच फळ्यावर लावतो आणि त्या आठवड्यांत लांब चालणारे, कमी सेटिंगचे लॉट ठेवतो.

मशीनसाठी ठेवलेल्या पैशांतला काही भाग आम्ही दोन ऑपरेटरांना सेटिंग शिकवण्यावर घातला. त्यांच्या शिकण्याचे तासही फळ्यावर लावले, कारण शिकताना सेटिंगला जवळजवळ दुप्पट वेळ जातो. त्यातला एकजण आता रात्रपाळी एकटा सांभाळतो. दुसऱ्याने व्हीएमसीवर काढलेला पहिला पीस नुकताच गेजवर पास झाला, आणि त्यानंतर मी चौथ्या सीएनसीचं कोटेशन मागवलं.