पगडी नको, लोखंडी टोप दाखवा

आमच्या भागात युद्धपटाचं चित्रीकरण होणार, ही बातमी आता पक्की आहे. म्हणजे उत्तर इटलीतल्या फाएन्झा शहराच्या आसपास, सेनिओ नदीच्या काठाने. चित्रपट ज्यावर बेतलाय ते पुस्तक इथल्याच एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेला इतिहास आहे. १९४४ च्या डिसेंबरपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत दुसऱ्या महायुद्धाची आघाडी या नदीवर अडकून पडली होती, त्या चार महिन्यांचा. चित्रपटाचं नाव अजून जाहीर झालेलं नाही. मी मात्र पुस्तक वाचून बसले आहे. पुण्यात एखादा ऐतिहासिक चित्रपट येणार म्हटलं की पेठापेठांतून जी धास्ती पसरते, ती सध्या इथे मला एकटीला लागून राहिली आहे.

धास्तीचं कारण एक माणूस आहे. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पुणे-नाशिक रस्त्याने आपण कितीदा गेलो असू, संगमनेरला चहाला उतरलो असू. हे नाव मला तिथे कुणी सांगितलं नाही. शाळेतही नाही. ते मला इटालियन पुस्तकात सापडलं, चक्क दोन पानं.

सेनिओ ही नदी म्हणाल तर मुठेपेक्षा अरुंद. पण दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आहेत, काही ठिकाणी दोन मजली घराएवढे. जर्मनांनी या बांधांच्या पोटात भुयारं खणून मशीनगन बसवल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ ला दुपारभर विमानांनी आणि तोफांनी काठ भाजून काढला, आणि संध्याकाळी ब्रिटिश फौजेतली आठवी भारतीय डिव्हिजन पाण्यात उतरली. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. जाधव तेव्हा तेवीस वर्षांचे, हुद्दा शिपाई, काम कंपनीचे निरोप पोचवण्याचं. त्यांच्याबरोबरच्या तुकडीवर गोळ्यांचा असा मारा झाला की कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे जागीच गेले. धड राहिले एकटे जाधव.

त्यांनी एका जखमीला उचललं. खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून, पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला सुखरूप जागी नेऊन ठेवलं. मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. इथवर थांबले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण ते तिसऱ्यांदा नदी ओलांडून थेट मशीनगनच्या ठाण्यावर गेले आणि ती गप्प केली. हाताला गोळी लागली, टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, चालवता येईना, तर ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन ठाणी एकामागून एक उडवली. मध्ये बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घेऊन आले. पूर्वेकडच्या काठावरच्या सगळ्या मशीनगन थांबल्यावर हा माणूस बांधाच्या माथ्यावर चढला. तोफगोळे पडतच होते. तिथे उघड्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्या कंपनीला हात करून पलीकडे बोलावलं.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्याच्या मानपत्रात हे सगळं नोंदलेलं आहे, घोषणेसकट. म्हणजे इटलीच्या रोमान्या भागातल्या या नदीवर, जिथे आज रविवारी लोक सायकली घेऊन येतात, तिथे शिवाजी महाराजांचा जयजयकार झालेला आहे. मी त्या बांधावरून चालते तेव्हा दुसरं काही डोक्यात येतच नाही.

आता चित्रपटाकडे येते. नगरपालिकेच्या सभागृहात चित्रपटवाल्यांनी गावकऱ्यांना बोलावलं होतं. गर्दीतल्या भूमिकांसाठी माणसं हवी होती. भारतीय पुरुष हवेत म्हणून माझ्या नवऱ्याला आग्रहाचं बोलावणं होतं, आणि तो खूशही होता. तिथल्या बाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "दाढी वाढवाल का? आणि पगडी बांधता येते ना?" तो म्हणाला, आमच्यात नाही बांधत. त्या म्हणाल्या, हरकत नाही, आम्ही बांधून देऊ. मी विचारलं, पुस्तकात जे मराठा सैनिक आहेत त्यांना पगडी कशाला? उत्तर आलं, "पगडी दिसली की प्रेक्षकाला लगेच कळतं की हे भारतीय आहेत."

माझा संताप तिथपासून आजवर उतरलेला नाही. गैरसमज नको. शीख सैनिक या आघाडीवर होते, शौर्याने लढले, आणि त्यांची पगडी हा त्यांचा मान आहे. त्यांना पडद्यावर दाखवाच. त्याच ९ एप्रिलला, याच नदीवर दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो अली हैदर यांना, फ्रंटियर फोर्स रायफल्स या पलटणीतले, आज पाकिस्तानात असलेल्या कोहाटकडचे पठाण. तेही दाखवा. पण ज्या माणसाचं नाव, गाव, पलटण, बॉम्ब आणायला तो कुठून कुठे सरपटला तेसुद्धा कागदावर आहे, त्याच्या डोक्यावर सोयीसाठी दुसऱ्याची पगडी ठेवायची? इटलीत युद्धाच्या काळात दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे. त्यातले दोन मराठी. दुसरे यशवंत घाडगे, रायगडमधल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि तिथेच पडले. वय बावीस. इतका तपशील असलेल्या माणसांना 'भारतीय' एवढ्या एका खुणेवर उरकणं मला मान्य नाही.

पुण्यात तर असं कुणी करून दाखवावं! आपल्याकडे पेशव्यांच्या पगडीचा घाट चुकला, तलवारीची मूठ त्या काळातली नसली, तर भारत इतिहास संशोधक मंडळापासून कट्ट्यापर्यंत लोक पुरावे घेऊन उभे राहतात. या सवयीला बाहेरचे लोक नावं ठेवतात, मीही पूर्वी ऐकून घ्यायचे. आता नाही घेणार. ती सवय योग्य आहे. मेलेला माणूस स्वतः येऊन सांगू शकत नाही की मी असा नव्हतो.

तर मी धनकवडीला फोन लावला. आमच्या माहेरच्या सोसायटीत मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार राहतात, आम्ही सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतो.

"काका, आपली पलटण इटलीत लढाईत काय घालायची हो डोक्यावर?"

"लोखंडी टोप. दुसरं काय? गोळ्या काय कमी होत्या?" मग जरा थांबून म्हणाले, "पोरी, बेळगावला सेंटरला असताना नामदेवरावांचं आणि यशवंतरावांचं नाव आम्हाला पहिल्यांदा शिकवलं, मग बंदूक. तू त्यांना सांग, माणूस दाखवायचा तर पुरता दाखवा."

मी त्यांना घोषणा ध्वनिमुद्रित करून पाठवायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने व्हिडिओ पाठवला. काका गच्चीवर, पांढरा सदरा, छातीवर पदकं लावलेली. आधी खाकरून घसा मोकळा केला, पाय जुळवले, आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." एवढं एका दमात म्हणून थांबले. 'जय' खालच्या पार्किंगमधून आला. दूधवाला, वॉचमन, शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी पोरं, सगळ्यांचा. वय ऐंशीच्या घरात असून काकांचा आवाज कुठे फाटला नाही. तो व्हिडिओ मी मानपत्राच्या इटालियन भाषांतरासह चित्रपटवाल्यांना पाठवला. पोच आली आहे, सहायक दिग्दर्शकांनी ऐकलाय म्हणतात. शब्द कुणी दिलेला नाही.

इथे एका सहकाऱ्याने मला विचारलं, तुमच्यावर ब्रिटिशांचं राज्य होतं, मग तुम्ही त्यांच्यासाठी का लढलात? प्रश्न साधा होता, मला मात्र झोंबला. मी म्हटलं, सप्टेंबर १९४३ पर्यंत तुमचा देश कुठल्या बाजूने होता ते आधी सांग. तो गप्प बसला. पण उत्तर एवढंच नाही, हे मला कळतं. कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं, महिन्याला येणारी मनीऑर्डर, आणि काही घरांत बापआजापासून पलटणीत जायची रीत. साताऱ्याकडच्या अपशिंगे या एकट्या गावाने पहिल्या महायुद्धातच सेहेचाळीस माणसं गमावली होती. ही माणसं कुणाची भाडोत्री नव्हती. परक्या सरकारच्या फौजेत राहून त्यांनी आपल्या राजाचं नाव घेतलं, ते बांधाच्या माथ्यावर उभं राहून.

आई म्हणते, तिकडे गेल्यावर बरं सुचलं तुला हे सगळं. बरोबर आहे, पण पुण्यात हडपसर ते हिंजवडी करताना सेनिओ नदी कुणाला आठवणार? आणि पुण्याकडे लढायांचा इतिहास काय थोडा आहे? आपल्याकडे इतिहासाची रास एवढी मोठी की १९४५ चा नंबर यायला वेळ लागतो. शिवाय स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश फौजेतल्या शौर्याचं काय करायचं, हे आपल्याला नीटसं ठरवताच आलं नाही. जाधव १९८४ पर्यंत आपल्यातच होते.

इथल्या लोकांचं मात्र कौतुक करावंच लागेल. अल्फोन्सिने नावाच्या छोट्या गावात फक्त सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. २५ एप्रिलला, मुक्तिदिनी, शाळेची मुलं हार घेऊन निघतात. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथेच, ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक. सुमारे ८०० नावं. घाडग्यांसाठी मोन्तोने गावाने २०२३ साली सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. इटलीत भारताचे ५,७८२ सैनिक पडले, हा आकडा मला इथे कळला.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, त्या वेळी सात-आठ वर्षांच्या होत्या. सांगतात, आम्ही तळघरातून बाहेर आलो तर अंगणात काळेसावळे सैनिक पत्र्यावर पिआदीना भाजत होते. पिआदीना ही इथली गव्हाची रोटी. सैनिकांनी त्यांना एक दिली, आत साखर घालून. गुंडाळून. मी त्यांना विचारलं, पगड्या होत्या का? म्हणाल्या, "काहींना होत्या. ज्याने मला दिली त्याला नव्हती. त्याचा टोप शेजारी जमिनीवर उलटा ठेवलेला होता आणि त्यात कांदे होते." हेही मी लिहून चित्रपटवाल्यांना कळवलं आहे.

आता तुमच्याकडे एक काम आहे. त्यांच्या वेशभूषावाल्यांनी मला सांगितलंय, त्या काळातले मराठा सैनिकांचे फोटो मिळाले तर आम्ही बघू. छापील फोटो मी देते आहे, पण घरातले हवेत. आजोबा, पणजोबा १९४३ ते ४५ च्या सुमारास मराठा पलटणीतून इटलीत गेले असतील, तर माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून बघा. इजिप्तमध्ये किंवा इटलीत स्टुडिओत काढलेले फोटो असू शकतात, पत्रं असू शकतात, पदकांबरोबरचे कागद असू शकतात. मूळ वस्तू कुणालाही देऊ नका, मलाही नाही. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढून पाठवा, आणि मागच्या बाजूला नाव-गाव-साल लिहिलेलं असेल तर तीही बाजू काढा. फेब्रुवारीअखेर कपडे शिवायला जाणार आहेत, त्याआधी मिळालं तर उपयोग होईल.