माळ्यावरच्या राउटरला फॅन: दीड महिन्याच्या नोंदी

मंडळी, फॅन बसला. भर दुपारी तीन वाजता वायफाय पडायचं बंद झालं, हे आधीच सांगतो. पण तिथंवर पोचायला दीड महिना लागला. ज्यांचा राउटर असाच तापतोय त्यांना मधल्या नोंदी जास्त उपयोगी पडतील.

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, वर पत्रा. फायबरची वायर माळ्यावरून आत येते, म्हणून राउटरही तिथंच, पत्र्यापासून हातभर खाली एका फळीवर. वॉरंटी कधीच संपलेली, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं खुलं सॉफ्टवेअर) टाकलेलं. मार्च लागला की दुपारी आधी वेग कमी व्हायचा, मग राउटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा. २४ मार्चला बहिणीचा ऑनलाइन सराव पेपर अर्ध्यात तुटला. ती काही बोलली नाही, मोबाइलचं नेट लावून पेपर पुरा केला. मी त्याच संध्याकाळी माळ्यावर चढलो.

२६ मार्च. दुपारी ३ वाजता माळ्यावरची हवा ४१ अंश. राउटरमधल्या पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओ चिपच्या, म्हणजे वायफायच्या चिपच्या, तापमानाचा आकडा टर्मिनलवरून वाचता येतो. तो मिलिडिग्रीत येतो, म्हणजे ९१००० दिसलं तर ९१ अंश. मला तेच दिसलं. रात्री अकराला हाच आकडा ६८. दर पाच मिनिटांनी नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली. हे काम फॅन विकत घेण्याच्या आधी करा. नुसता हात लावून "गार वाटतोय" म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण हाताला लागतं ते प्लास्टिक, चिप नाही.

२७ मार्च. राउटरच्या चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार बुचं ठेवली. ९१ वरून ८६. खर्च शून्य.

२ एप्रिल. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला ८० मिलिमीटरचा फॅन काढून राउटरच्या डोक्यावर ठेवला, वारा खाली. एवढा मोठा आवाज करून आकडा फक्त ८२ वर आला. मन खट्टू झालं.

मग खोललाच. वरच्या झाकणावरच्या खाचांपैकी निम्म्या नुसत्या नक्षीच्या निघाल्या, आरपार भोकच नाही. खऱ्या फटी तळाला. आणि रेडिओ चिपचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) बोर्डाच्या खालच्या अंगाला, त्याच्या पात्या थेट तळाच्या फटींकडे तोंड करून. म्हणजे मी बंद दारावर वारा मारत होतो. तुमच्या राउटरचं झाकण उघडता येत नसेल तर बॅटरी मारून फटीतून बघा. पात्या कुठल्या बाजूला चमकतात ते दिसतं.

फॅन असलेला राउटर म्हटलं की काही जण हसतात, पण कंपन्यांनीही तो केलेला आहे. लिंक्सिसच्या २०१४ च्या डब्ल्यूआरटी१९००एसीच्या पहिल्या आवृत्तीत फॅन आतच होता. मला चिपपेक्षा काळजी कपॅसिटरची, म्हणजे बोर्डावर वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. माळ्यावर आठ-दहा वर्षं राउटर टिकवायचा तर हे दहा अंश मिळवायलाच हवेत.

६ एप्रिल. फॅन खालून, वारा वर. ७६. आता कुठं बरं वाटलं, तरी माझ्या अंदाजापेक्षा कमीच. देवघरातनं उदबत्ती आणली, पेटवून फॅनच्या खाली धरली आणि फळीवर गाल टेकून बघत बसलो. धुराची रेघ फॅनच्या पात्यांतून वर गेली, राउटरच्या तळाला टेकली आणि तिथंच चपटी होऊन चारी बाजूंनी बाहेर पसरली. फटीत जेमतेम एखादा पदर शिरत होता. फॅन आणि तळ यांच्यात बोटभर फट होती आणि वाऱ्याला तीच वाट सोपी. इथं सगळं कोडं सुटलं. वारा वाढवायची गरजच नव्हती, त्याची पळवाट बंद करायची होती.

दाराच्या फटीला लावतात ती फोमची चिकटपट्टी आणली आणि फॅनच्या चौकटीभोवती चारी बाजूंनी लावली, वर राउटर टेकवला. परत उदबत्ती. या वेळी धूर बाजूच्या खाचांतून बाहेर आला, म्हणजे हीटसिंकच्या पात्या ओलांडून आला. अर्ध्या तासानं आकडा ६५. फॅन तोच, वीज तितकीच, नुसत्या फोमच्या पट्टीनं अकरा अंश उतरले!

वीजजोडणी. राउटरच्या यूएसबी पोर्टमधून घ्यायचा मोह होतो, मी घेतली नाही. त्या पोर्टचे पाच व्होल्ट राउटरच्या आतच तयार होतात, म्हणजे थंड करायच्या डब्यातच थोडी उष्णता वाढवायची. माझा ॲडॉप्टर १२ व्होल्ट दीड अँपियरचा, राउटर जोरात चालताना ०.९ अँपियर ओढतो (मोजलं), फॅनवर ०.१४ लिहिलंय. जागा भरपूर. एकाच्या दोन होणारी डीसी पिनची केबल घेतली, एक टोक राउटरला, दुसरं बक कन्व्हर्टरला (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट), तिथून फॅनला. डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह चढवली. ॲडॉप्टरची डबी मात्र कुणी उघडू नका, तिच्या आत २३० व्होल्ट असतात.

कन्व्हर्टरवरचा पितळी स्क्रू फिरवत व्होल्टेज उतरवत गेलो. पाच व्होल्टला फॅन कधी सुरू व्हायचा, कधी नुसता थरथरायचा, बोटानं ढकलला की फिरायचा. लाइट जाऊन आल्यावर बोट लावायला माळ्यावर कोण जाणार? सात व्होल्टवर वीस वेळा बंद-चालू केला, वीसही वेळा फिरला. सातवर पक्का केला. आवाज खाली खोलीत अजिबात येत नाही. १२ व्होल्टच्या तुलनेत फरक फक्त तीन अंशांचा.

१३ एप्रिल, उद्यमनगर, म्हणजे आमच्या गावातला वर्कशॉपांचा भाग. बूड म्हणून एक पट्टी हवी होती, मधे गोल भोक आणि फॅनच्या स्क्रूची चार भोकं. ८० च्या फॅनला स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ७१.५ मिलिमीटर असतं, १२० च्याला १०५. तिथल्या वर्कशॉपवाल्या मामांनी ॲल्युमिनियमचा पत्रा काढला. म्हटलं, धातू नको, वर अँटेना आहे, पत्र्यावर लहरी आपटून परततात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कोपऱ्यातनं हायलमचा (वीज न वाहणाऱ्या कडक शीटचा) तुकडा ओढला आणि म्हणाले, "मग हे घे पोरा. पॅनेलात हेच घालतोय आम्ही, तापलं तरी वाकत नाही." होल सॉनं भोक पाडून, कडा कानसून दहा मिनिटांत हातात दिला. पैसे घ्यायला तयार नव्हते, चहावर मिटलं. भोकाची कड इतकी स्वच्छ आहे की फोटोत कळणार नाही. हे असलं काम दहा मिनिटांत होणारी उद्यमनगरसारखी जागा गावात आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

पट्टीला साठ मिलिमीटरचे चार पाय. पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, नाहीतर फळी घुमते.

२१ एप्रिल. फॅन खरखरायला लागला. जुना होता हे खरं, पण तो स्लीव्ह बेअरिंगचाही होता (दांडा छऱ्यांवर नाही, नुसत्या नळीत फिरतो), आणि तसले फॅन आडवे झोपवून चालवले की लवकर झिजतात. माझा आडवाच आहे. नवा बॉल बेअरिंगचा आणला. आवाज किंचित जास्त, पण एकसारखा.

२८ एप्रिल. खालून हवा ओढतो म्हणजे धूळही ओढणारच. खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा लावला. ६५ चे ६८ झाले. ते तीन अंश मी सोडले. आठवड्यानं जाळी काढून बघितली तर राखाडी थर आलेला, ब्रशनं झाडला की परत ६८. दर रविवारी झाडायची.

९ मे. माळा ४२ अंश, वर्षातली सगळ्यात वाईट दुपार. बहिणीचा पेपर, बाबांचा टीव्ही आणि माझं डाउनलोड एकदम चालू. आकडा ७० च्या वर गेला नाही, रीस्टार्ट एकही नाही. बहिणीनं पेपर संपवून वर हाक मारली, "दादा, आज टिकलं रे!"

१२ मे. संध्याकाळी वळीव आला. तासाभरात माळा २८ वर, चिप ५५ वर, आणि फॅन उगाच फिरतोय. पुढचं काम हेच. हीटसिंकजवळ ४५ अंशांना जोडणारा बायमेटलचा छोटा थर्मोस्टॅट (तापमानावर आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावून फॅनची वायर त्याच्यातून न्यायची. पावसाळ्यात माळ्यावर ओल असते, तेव्हा बाहेरची दमट हवा विनाकारण बोर्डावर मारायची नाही. थर्मोस्टॅट आणलाय, तो हीटसिंकला चिकटवायचा की तळाच्या फटीजवळ ठेवायचा, ते या रविवारी जाळी झाडताना दोन्हीकडे लावून मोजतो.