आमची वाटचाल : रंगाखालचं काम

आमच्याकडे डब्ल्यू ११५, डब्ल्यू १२३ आणि डब्ल्यू १२४ एवढ्याच मॉडेलच्या जुन्या मर्सिडीज दुरुस्त होतात. ओळखीतून एखादी बीटल येते, तिला नाही म्हणवत नाही. बाकीच्यांना आम्ही हात जोडतो. भोसरीतल्या या शेडबद्दल लिहा असं ग्राहक कधीपासून म्हणतायत. आता लिहितोय त्याला कारण आहे. शेजारच्या ज्या गॅरेजबद्दल मधल्या काळात भरभरून छापून आलं, त्यांनी ‘रिस्टोअर’ केलेल्या गाड्या सध्या आमच्याच घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उघड्या पडल्यात.

हे काम पुण्यात जमलं, कारण जमीन आधीच नांगरलेली होती. १९५४ ते १९६९ टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचाच तीन टोकांचा तारा होता. बॉशचा इनलाइन डिझेल पंप बंगळुरूची मायको बनवत होती, त्यामुळे पंप खोलणारा मेस्त्री शोधत फिरावं लागलं नाही. सगळ्यात मोठा आधार मात्र आकुर्डीचा. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या ओएम ६१६ डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि तेच आपल्या ट्रॅक्स या प्रवासी गाडीत घातलं. म्हणजे वकिलातीतून एस.टी.सी.च्या (सरकारी व्यापार महामंडळाच्या) लिलावात आलेल्या २४० डी मर्सिडीजच्या बॉनेटखाली जे इंजिन, त्याचंच भावंड साताऱ्याकडे वडाप करत होतं! हेड गॅसकेट, व्हॉल्व्ह, पिस्टन नाना पेठेत ट्रॅक्सच्या भावात मिळायला लागले आणि आमच्यासारख्यांचं दुकान चाललं.

तरी डोळे मिटून ट्रॅक्सचा माल लावू नका. १९७८ च्या मध्यापर्यंतच्या २४० डीचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ९१ मिमी, त्यानंतरचा ९०.९. दुकानदार दोन्हींना एकच डबा पुढे करतो. बोर गेजने वर, मध्ये, खाली, आडवं आणि उभं मापून मगच पिस्टन मागवावेत. आधी पिस्टन आणून त्यांच्या मापाने ब्लॉक बोर करणारे महाभाग आहेत. नंतर इंजिनाने धूर सोडला की ‘रिंगा बसायच्यात अजून’ म्हणतात.

हत्यारांबद्दल थोडं सांगतो, कारण आमची खरी मिळकत तीच. ओएम ६१६ आणि त्याचं पाच सिलिंडरचं भावंड, टर्बो नसलेलं ६१७, यांचे टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप) सेट करायला चौदाचे दोन वाकडे पाने लागतात आणि तिसरा स्प्रिंगची वाटी धरायला. साधे पाने घासून, तापवून, वाकवून चालतात. आम्हीही सुरुवातीला तसेच वापरले. पण तिसरा पाना नसेल तर लॉक नट आवळताना सगळंच फिरतं आणि गेजचं माप हातातून जातं. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेक ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. या इंजिनांत गॅप वाढत नाही, हळूहळू बुजतो. व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला की कॉम्प्रेशन उतरतं आणि डिसेंबरच्या सकाळी गाडी उठत नाही. मग मालक आधी बॅटरी बदलतो, मग हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारे), मग पंपवाल्याकडे जातो. टॅपेट कव्हर शेवटी उघडतो. ते पहिलं उघडा.

जुन्या गाड्यांत वेटोळ्याचे हीटर प्लग असतात, एकापाठोपाठ एक जोडलेले. एक गेला की चारही मेले. नंतरचे पेन्सिलसारखे प्लग समांतर जोडलेले असतात, तिथे एक गेला तर एक सिलिंडर कुरकुरतो, पण गाडी उठते. मल्टिमीटर लावायच्या आधी आपल्या गाडीत कुठले आहेत ते बघावं.

टायमिंग चेन दुपदरी आहे, सहसा तुटत नाही, पण लांबते. कॅमवरची खूण पहिल्या टॉवरच्या खुणेला जुळवायची आणि खाली पुलीवरचा अंश वाचायचा. पाचाच्या पुढे गेला की आम्ही चेन बदलतो. नवी चेन जुनीलाच जोडून इंजिन हाताने फिरवत आत घेतात. दोन माणसं लागतात: एक क्रँक फिरवायला, दुसरा कॅमच्या चक्रावर चेन ताणून धरायला. तिथे हात ढिला पडला तर चेन दात सोडते. चेन झाली की पंपाचं टायमिंग पुन्हा बघायलाच हवं: टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेच्या) २४ अंश आधी, थेंबाच्या नळीने, सेकंदाला साधारण एक थेंब. नोजल बाहेर काढलेच असतील तर ११५ ते १२५ बारमध्ये सगळे एकसारखे उघडतायत का ते बेंचवर बघा आणि खालचे उष्णतेचे वायसर नवेच टाका. जुना वायसर उलटा करून लावणारा मेस्त्री दिसला तर गाडी तिथून उचला.

मधली वर्षं नीट गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, कामच होतं.

मग दोन गल्ल्या सोडून एक नवीन गॅरेज उघडलं. नाव घेत नाही. काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर स्टुटगार्टचे फोटो. पूर्ण गाडी दोन महिन्यांत, रक्कम ठोक, आमच्या अंदाजाच्या निम्मी. आमचा डेंटर आणि वायरमन त्यांनी पगार वाढवून नेले. त्याबद्दल राग नाही, पोट सगळ्यांना आहे. राग या गोष्टीचा आहे की आमच्याकडे पूर्ण खोललेल्या गाड्यांचे मालक टो ट्रक घेऊन आले, पार्ट पोत्यांत भरून नेले आणि पत्र्याच्या कामाची बाकी आजतागायत दिलेली नाही. लिफ्ट रिकाम्या, शेडचं भाडं थकलेलं, जर्मनीहून मागवलेल्या रबरांची कस्टम ड्युटी भरायला पैसे नाहीत. तेव्हा शेड सोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

त्याच काळात सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांची ६२३ रंगाची, म्हणजे जर्मन टॅक्सीच्या हस्तिदंती रंगाची २४० डी आणून उभी केली. इंजिन पूर्ण, सबफ्रेमची रबरं, स्टिअरिंगचे बुश, सगळं. बोरिंगचं आणि पंपाचं बिल त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी दिलं. डॉक्टर बोलायला तिरसट. ‘मेस्त्री, रुग्ण बघायच्या आधी मी औषध लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका,’ एवढंच म्हणाले. आजही त्यांचा फोन येतो तो गाडी कशी आहे हे सांगायला नाही, टॅपेटची तारीख आली आहे हे सांगायला.

त्या काचेच्या ऑफिसातून गेलेल्या गाड्या आता परत येतायत. एक नमुना सांगतो. तक्रार अशी की किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. डॅशखाली बघितलं तर एक लोंबती केबल, ती ओढून गाडी बंद करायची ‘सोय’ करून दिलेली. त्यासाठी मालकाने पैसेही मोजलेले. डब्ल्यू १२३ ची डिझेल गाडी व्हॅक्यूमवर बंद होते आणि त्याच व्हॅक्यूमवर दारांची कुलुपंही चालतात. पंपावरच्या बंद करायच्या व्हॉल्व्हची तपकिरी नळी काढायची, हातपंपाने पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत व्हॅक्यूम खेचायचं. इंजिन बंद पडलं आणि काटा जागेवर राहिला तर व्हॉल्व्ह ठीक, गळती दुसरीकडे. मग कुलुपांची पिवळी नळी बंद करून बघायचं. बहुतेक वेळा एखाद्या दारातला फाटका डायफ्रॅम सापडतो. पण तपकिरी नळीत इंजिन ऑइल दिसलं तर व्हॉल्व्हचाच डायफ्रॅम गेलाय आणि तेल व्हॅक्यूमबरोबर पुढे जाऊन इतर रबरं फुगवतंय. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून थांबायचं नाही, नळ्या साफ कराव्या लागतात. केबल लावली की यातलं काहीच बघावं लागत नाही. तेल मात्र पुढे जातच राहतं.

पत्र्याचं तर विचारू नका. त्याच गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीत फोम भरून वर लांबी (पुट्टी) थापली होती. कंपनीचा रंग जाडीच्या गेजवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. इथे गेजने आकडाच दिला नाही आणि लोहचुंबक घसरून खाली पडलं. डब्ल्यू १२३ कुठे सडते ते ठरलेलं आहे: जॅक लावायच्या जागा, हेडलाइटच्या मागचा मडगार्डचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे. मुंबई-कोकणच्या गाड्यांत वायपरखालची पाणी जायची भोकं पानांनी तुंबतात, पाणी आत उतरतं आणि गालिच्याखाली फरशी वरून खाली गंजते. खालून बघणाऱ्याला ती शाबूत वाटते. सडका पत्रा चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचा, वीस गेजचा तुकडा घडवायचा आणि सीओटू वेल्डिंगने इंचाच्या आतले टाके टाकायचे, एक इकडे, एक तिकडे. सलग ओढलं की पत्रा लाटा मारतो आणि मग पुट्टीचा थर वाढतो. इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग झाल्यावर पोकळ भागांत मेण. हे दोन महिन्यांत होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तर यातलं काय गाळणार ते त्याला विचारा.

१९९५ पासून इथेच पुण्यात बनलेल्या ई २२० (डब्ल्यू १२४) ची गोष्ट वेगळी, पत्रा बरा पण वायरिंग कुजतं. इंजिनाच्या हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) इन्सुलेशन उष्णतेने ठिसूळ होऊन बिस्किटासारखं गळून पडतं, वायरी एकमेकींना टेकतात आणि गाडी आचके देते. लोक ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलतात. नवा ईसीयूही त्याच उघड्या वायरींवर जळतो. जुने कनेक्टर ठेवून त्याच जाडीच्या, उष्णता सोसणाऱ्या वायरींनी पूर्ण हार्नेस पुन्हा बांधावा. थ्रॉटलच्या मोटरची शेपटी विसरू नये, तिचंही इन्सुलेशन तेच आहे.

पेट्रोलच्या २३० ई वाल्यांना एक सांगणं. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली की के-जेट्रॉनिकच्या (पेट्रोल मोजून देणाऱ्या बॉशच्या यंत्रणेच्या) डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर गंजून अडकतो आणि तो भाग स्वस्तात मिळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका.

आणि ‘व्हीए’ नंबरसाठी फार धावू नका. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये. पण मग ती रोज चालवता येत नाही, आणि चासी, बॉडी, इंजिन मुळाबरहुकूम लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून ट्रॅक्सचं आख्खं इंजिन बसवून घेतलेल्यांची तिथे पंचाईत होते. मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका, तो शेवटच्या मापापर्यंत बोर होतो.

सध्या रंगाचं काम जून ते सप्टेंबर घेत नाही, दमट हवेत प्रायमर पाणी धरतं. इंजिनाचं काम बारा महिने चालू. येण्याआधी चासी नंबर कळवा, त्यावरून मूळ रंग आणि पार्ट नंबर काढून ठेवता येतात. गाडी आदल्या रात्रीपासून बंद असलेली, थंड हवी, म्हणजे ती शेडमध्ये आदल्या संध्याकाळी पोचवा. आणि इंजिन धुऊन आणू नका. कुठलं तेल कुठून गळतंय ते धुतलेल्या इंजिनावर दिसत नाही.