आमची वाटचाल: उघड्या कोनपासून बंद डब्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पिकअप आणि हलक्या ट्रकसाठी एअर इनटेक किट, म्हणजे इंजिनला हवा पुरवणारे पाइप आणि फिल्टर, बनतात. सुरुवातीला बाजारात जे चालत होतं तेच आम्ही करत होतो. तीन इंची चकचकीत ॲल्युमिनियम पाइप, टोकाला उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर, दोन सिलिकॉन होज, चार क्लॅम्प. कंपनीचा फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा आणि हे बसवायचं. ॲक्सिलरेटर दाबला की सूंऽऽ आवाज यायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. आठवड्याभरात दोन तक्रारी ठरलेल्या. घाटात गाडी ओढत नाही, आणि केबिनमध्ये आवाजाने डोकं दुखतं. दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, त्या उघड्या तोंडात, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

आधी गरमीचं. खंबाटकीच्या चढावर लोड घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते तेव्हा रेडिएटरची गरम हवा बोनेटखालीच घुटमळते. बाहेर 35 अंश असताना तिथे 65 सहज होतं. तेवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे 9 टक्के घटते, म्हणजे इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते. यावर नेहमीचं उत्तर मिळतं, ‘टर्बो आहे, इंटरकूलर आहे, काय फरक पडतो?’ टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, इंटरकूलर म्हणजे ती तापलेली हवा थंड करणारी जाळी. फरक पडतो, कारण टर्बो फरक कमी करत नाही, वाढवतो. दुप्पट दाबाला, 70 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून, 35 अंशांची हवा साधारण 130 अंशांवर बाहेर पडते, 65 अंशांची 170 वर. हे 40 अंश इंटरकूलरने झेलायचे, तेही घाटात समोरून वारा नसताना.

मग लोक पाइपला हीट रॅप, म्हणजे उष्णतारोधक पट्टी, गुंडाळायला सांगतात. आमच्या मते तो खर्च बहुतेक वाया जातो. 3 लिटरचं डिझेल इंजिन 2400 आरपीएमला (मिनिटाला 2400 फेरे) पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबावर असेल, तर 76 मिमी पाइपमधून हवा सेकंदाला 26 मीटरच्या आसपास धावते. 60 सेंमीच्या पाइपमध्ये ती सेकंदाचा चाळिसावा भागसुद्धा थांबत नाही, मग तापणार कधी? पाइप हाताला चटका देतो म्हणून दोष त्याच्यावर येतो, पण खरा प्रश्न हवा आत कुठून शिरते हा आहे.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात आम्ही फिल्टरभोवती 1.5 मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा घातला. वरून बोनेटपर्यंत दोन बोटं फट राहिली आणि गरम हवा तिथूनच आत येत राहिली. आता फट अंदाजाने मोजत नाही. पत्र्याच्या कडेवर दर 10 सेंमीवर मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा ठेवायचा, बोनेट अलगद बंद करून उघडायचं, आणि दबलेल्या प्रत्येक गोळ्याची जाडी व्हर्नियरने घ्यायची. ईपीडीएम स्पंजची (एक प्रकारच्या सच्छिद्र रबराची) बीडिंग, म्हणजे कडेची पट्टी, त्या मापापेक्षा इतकी जाड घ्यायची की बंद झाल्यावर ती 25 ते 30 टक्के दबेल. कमी दबली तर हवा जाते, जास्त दबली तर बोनेटचं लॉक ताणतं आणि दोन पावसाळ्यांत बीडिंग चपटी होऊन बसते.

आडोसा बॉडीला बांधायचा, पाइप इंजिनला, आणि मध्ये लवचिक होज. इंजिन माउंटिंगवर डोलतं. स्टार्ट-बंद करताना बोनेट उघडं ठेवून पाहा, डोळ्यांना दिसतं. चहूकडे 25 मिमी जागा सोडली नाही तर पत्रा पाइपवर घासतो, आणि इनटेकचा म्हणून जो खडखडाट सांगितला जातो तो बऱ्याचदा हाच असतो.

पूर्ण बंद डबा केला, त्याचं तोंड ग्रिलमागच्या थंड जागेत नेलं, आणि गरमीबरोबर सुसाटाही अर्धाअधिक गेला. उरली ती घुमघुम. चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएमला 30 ने भागलं की तिची मूळ फ्रीक्वेन्सी मिळते: 2400 ला 80 हर्ट्झ. इथे फोम चालत नाही. 80 हर्ट्झची पाव तरंगलांबी एक मीटरहून मोठी, तिथे 10 मिमी फोम काय करणार? शिवाय फिल्टरनंतरच्या बाजूला फोम कधीही चिकटवू नये. उष्णतेने तो भुगा होतो आणि सरळ टर्बोत जातो.

या घुमघुमीवर उपाय रेझोनेटर, म्हणजे पाइपला अरुंद नळीने, म्हणजे मानेने, जोडलेली बंद पोकळी. कंपनीच्या पाइपवर निरुपयोगी दिसणारा जो फुगा असतो आणि जो आम्ही पहिल्या किटमध्ये काढून टाकत होतो, तो हाच. 3 लिटरची पोकळी, 40 मिमी व्यासाची 6 सेंमी मान घेतली तर ती 120 हर्ट्झच्या आसपास काम करते. 80 वर आणायला त्याच मानेला पावणेसात लिटर लागतील, आणि बोनेटखाली एवढी जागा नसते. म्हणून पोकळी तीच ठेवून मान 17 सेंमी केली. डब्याच्या सपाट भिंती ढोलासारख्या वाजतात, त्यांना बरगड्या द्यायच्या आणि बाहेरून ब्युटिलची, म्हणजे कंप शोषणाऱ्या रबराची, शीट लावायची.

एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, जागी पाइपचा आतला व्यास मूळ मापाचाच हवा. 70 मिमीचा 76 केला की क्षेत्रफळ 18 टक्के वाढतं, सेन्सर हवा सुमारे 15 टक्के कमी मोजतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल आखडतं. तेल लावलेला कॉटन फिल्टर असेल तर तेल मोजूनच लावायचं. जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारी, नळी टर्बोआधीच्या होजला येते. तिथे साधं सिलिकॉन तेलाच्या वाफेने फुगतं, मऊ पडतं आणि टर्बोच्या ओढीने आत दबतं. फ्लोरोसिलिकॉन अस्तराची होज महाग पडते, पण या एका जागी आम्ही दुसरी देत नाही. क्लॅम्पही रुंद आणि आतून गुळगुळीत हवा. खाचांचा क्लॅम्प सिलिकॉन कापतो, आणि फिल्टरनंतरची कुठलीही फट धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर नेते. 500 किमीनंतर होज सोडून आतून पांढरं फडकं फिरवायचं. कोरडी राखाडी धूळ निघाली तर फिल्टरची बैठक किंवा एखादा जोड सुटलाय. ब्रीदरमुळे येणारा थोडा तेलकटपणा चालतो.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 मुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल अडचणीचा ठरतो, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला उघडा कोन आम्ही आता बसवून देत नाही. काढलेला मूळ डबा नट-बोल्टसकट मालकाच्या हातात देतो.

पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणी बाजूला जाणाऱ्या गाड्यांसाठी डब्याच्या तळाला पाणी बाहेर सोडणारा रबरी ड्रेन व्हॉल्व्ह असतो. त्याचे ओठ चिखलाने चिकटतात. दर सर्व्हिसिंगला बोटांनी दाबून मोकळे करायचे.