काळ्यात काळं

रविवार, रात्री. शिकागो.

आज पुन्हा आर्ट इन्स्टिट्यूटला, इथल्या कलासंग्रहालयात गेलो. मोने-बिने सोडून थेट चित्रकार केरी जेम्स मार्शलच्या 'मेनी मॅन्शन्स'पाशी. १९९४ चं चित्र, साडेनऊ फूट उंच. इथलीच स्टेटवे गार्डन्स ही सरकारी वसाहत. त्या इमारती आता पाडून टाकल्यात. चित्रात मात्र तिथे तीन पुरुष फुलझाडांची निगा राखतायत, पांढरेशुभ्र शर्ट आणि टाय घालून. बागकामाला टाय!

लांबून तिघांचे चेहरे नुसते काळे, कात्रीने कापून चिकटवल्यासारखे. दोन पावलं पुढे गेलं की नाक दिसतं, मग गालफड, भुवई. मागे सरलं की पुन्हा गायब. असा मी चारदा मागे-पुढे झालो. रखवालदार हसला.

फोटो काढला तर शर्ट नीट आले आणि चेहऱ्यांच्या जागी तीन भोकं. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवला, तर शर्ट पांढरेफटक होऊन उडाले आणि माणसं राखाडी झाली. पुण्यात प्रेसमध्ये असताना मोठा काळा पट्टा आम्ही एकट्या काळ्या शाईवर कधी सोडत नसू. फिका पडतो तो. खाली थोडा सायन, म्हणजे निळसर शाईचा थर द्यायचा, मग काळा भरतो. मार्शलचंही तसंच काहीसं. दुकानात मिळणारे तीन काळे रंग, आयव्हरी, कार्बन आणि मार्स. त्यांत तो कधी निळा मिसळतो, कधी हिरवा, कधी जांभळा. माणूस उजळ मात्र करत नाही.

राल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन' ही कादंबरी वाचून त्याने १९८० मध्ये जेमतेम आठ इंचांचं एक चित्र केलं होतं. काळ्या भिंतीपुढे काळा माणूस. दिसतात फक्त डोळे, फट असलेले दात आणि शर्टाचा तुकडा. ते मी पुस्तकात पाहिलंय. म्हणजे पाहिलेलंच नाही, हे आज कळलं.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ताईचं लगेच उत्तर: 'छान आहे रे, पण तोंडं काळी आलीत. जरा ब्राइट कर ना.'

आमच्या घरात काळं कुणी नव्हतंच. मी सावळा, आत्या निमगोरी. काळं व्हायचं ते फक्त तोंड, तेही कुणी भानगड केली तर.

'तशीच आहेत,' एवढंच लिहिलं. तिने अंगठा पाठवला.