बंद इंजिनातला इंधनदाब

माझे जुने, इंधन-इंजेक्शनचे (इंजेक्टर नावाच्या बारीक तोंडांतून इंजिनात पेट्रोल फवारणारे) मोटरहोम थंड असताना चावी फिरवताच चालू होते. पण लांबचा पल्ला मारून पेट्रोल भरायला वीस मिनिटे थांबलो, की स्टार्टर नुसताच फिरत राहायचा. चालत्या इंजिनाला प्रेशर गेज लावला तेव्हा इंधनाचा दाब चोख, ४० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास होता. तरीही संशय इंधनपंपावरच घेऊन मी नवा पंप बसवला आणि आठवडाभराने त्याच जागी, तसाच अडकलो. मोजायला हवा होता तो चावी बंद केल्यानंतरचा दाब.

माझ्या मोटरहोमचे इंजिन पुढच्या दोन आसनांमधल्या झाकणाखाली कोंडलेले आहे. गाडी थांबली की पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबतात, एक्झॉस्टची धग मात्र तिथेच घुटमळते, त्यामुळे इंधन-रेलचे (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचे) तापमान इंजिन बंद झाल्यावर काही काळ उलट वाढतच जाते. पेट्रोलमधले हलके घटक साध्या हवेच्या दाबाला ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. रेलमध्ये दाब टिकून असेल तर ते द्रवरूपात राहतात. दाब उतरला की वाफ धरते आणि इंजेक्टर पेट्रोलऐवजी वाफच सोडतात. थंड इंजिनातही दाब तसाच उतरतो, पण तिथे वाफ नसल्यामुळे चावी लावताच पंप जे दोनेक सेकंद चालतो तेवढ्यात रेल पुन्हा भरते, आणि दोष झाकलेला राहतो.

गेज जोडण्याआधी एक फुकटची परीक्षा करावी. गरम इंजिन सुरू होत नसेल तेव्हा स्टार्टर न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करावी, म्हणजे पंप दर वेळी थोडे थोडे पेट्रोल ढकलून वाफ रिटर्न लाइनमधून (जादा पेट्रोल परत नेणाऱ्या नळीतून) टाकीकडे हाकलतो. एवढ्याने इंजिन सुरू झाले तर दाब उतरत आहे असे समजावे. याउलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यावरच ते सुरू होत असेल आणि काळा धूर येत असेल, तर इंजेक्टर गळून पेट्रोल जास्त झाल्याचा संशय घ्यावा.

मग गेज जोडून इंजिन गरम करावे, बंद करावे आणि काटा पाहावा. माझा काटा पाच मिनिटांत शून्यावर आला. पुढच्या वेळी इंजिन बंद करताच पंपाकडून येणारी रबरी होज क्लॅम्पने दाबली. काटा तसाच घसरला, म्हणजे पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह निर्दोष. नंतर रिटर्नची होज दाबली आणि काटा ३८ वर खिळला. म्हणजे रेलमधला दाब राखून जादा पेट्रोल रिटर्नमध्ये सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या व्हॉल्व्हची बैठक गळत होती. (दोन्ही होज दाबूनही काटा उतरला असता, तर इंजेक्टर तपासावे लागले असते.) क्लॅम्प फक्त लवचिक रबरी होजवरच लावावा, कडक प्लॅस्टिकची नळी त्याने तडकते, आणि तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची जोडणी सोडवण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. गेज मी नेहमी थंड इंजिनावरच, दाब उतरवून, जोडतो.

रेग्युलेटर बदलल्यानंतर वीस मिनिटांनी गेजवर ३४ दिसले आणि इंजिन पहिल्या फेरीत सुरू झाले. एक्झॉस्टच्या फार जवळून गेलेली पुरवठ्याची नळीही त्याच दिवशी बाजूला सरकवून तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवले. काढलेला जुना पंप आता सुट्या भागांच्या पेटीत आहे. तो आजही ठणठणीत आहे.